पुंजारामभाऊंचा रविवारचा थर्मास

"माळ तरी काढा, नायतर ती बाटली तरी काढा. दोन्ही या घरात नांदायच्या नाय."

हे मी भिंतीपलीकडून ऐकलं. ऐकायला गेले नव्हते. नाशिकरोडला आमचं आणि त्यांचं स्वयंपाकघर पाठीला पाठ लावून, मधे एका विटेची भिंत. तिकडे फोडणी पडली की इकडे ठसका लागायचा. बोलत होत्या कुसाबाई. त्या घोटीकडच्या, बांधावरून हाक मारायचा जो आवाज तोच घरात वापरायच्या. आणि ऐकून घेत होते त्यांचे मालक, पुंजारामभाऊ. साल चौऱ्याण्णव. मी कणीक मळत होते ती परातीत तशीच ठेवून भिंतीला कान लावला, आता खोटं कशाला सांगू.

"अगं हळू."

"हळू कशापायी? गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, आन तांदळाच्या डब्यात दारू. भात लावायला हात घातला तर बाटली आली हाताला."

"दारू नाही ती. जिन आहे."

"मग जिन काय दूध असतंय?"

भाऊ हलक्या आवाजात म्हणाले, "कुसे, साहेबांना शब्द दिलाय मी."

"साहेब मेले."

"म्हणून तर."

पुढे भांडी आपटल्याचा आवाज आला, पण बाटली फुटल्याचा काही आला नाही. तेव्हा मी पुन्हा कणकेकडे वळले.

पुंजारामभाऊ इगतपुरीला रेल्वेच्या साहेब लोकांच्या क्लबात नोकरीला होते. भांडी घासण्यापासून सुरुवात केली आणि रिटायर झाले ते दारूच्या टेबलामागे उभं राहणारे म्हणून. पस्तीस वर्षं दारू बनवली आणि एक थेंब जिभेला लावला नाही, कारण लग्नाच्या आधीपासून माळ गळ्यात. माळकरी माणसाला मटण नाही, मासा नाही, अंडं नाही, दारूचं तर नावच नको. त्यांना नोकरीवर ठेवणाऱ्या पहिल्या साहेबाला म्हणे हेच आवडलं होतं. बाटलीतलं कमी होणार नाही एवढी खात्री.

त्यांची एक खास दारू होती. गिमलेट. जुन्या काळची, गोऱ्या साहेबांनी मागे ठेवलेली. दोन मापं जिन आणि एक माप लिंबाचा गोड रस, त्याला ते कॉर्डियल म्हणायचे. दोन्ही एका झाकणाच्या भांड्यात बर्फावर ओतायचं आणि खांद्यापाशी धरून हलवायचं. चाखायचं नाही तर झालं कसं कळायचं? भाऊ म्हणायचे, कानाने. बर्फ आधी खडखड वाजतो, मग त्याचे कोपरे झिजले की आवाज मऊ होतो, भांड्यावर दव धरतं, बोटं दुखायला लागतात. तिथे थांबायचं. घाट चढून आलेल्या गाड्या इंजिन बदलायला इगतपुरीला थांबत, तेवढ्यात पहिल्या वर्गातले साहेब उतरून धावत क्लबात येत आणि गिमलेट घेऊन जात. पुंजाच्या हाताला चव आहे, असं सगळे म्हणत. भाऊ हे सांगताना नजर खाली ठेवायचे, पण सांगायचे मात्र न चुकता.

त्या क्लबातले एक पारशी इंजिनिअर साहेब आणि त्यांच्या पेरीनबाई. दोघं दर रविवारी अकरा वाजता यायची आणि एकेक गिमलेट घ्यायची. एकच. दुसरं कधी मागितलं नाही. चौऱ्याण्णवच्या जानेवारीत साहेब गेले. जाण्याआधी भाऊ भेटायला गेले तर साहेब म्हणाले, "पुंजा, पेरीनचा रविवार चुकवू नको." भाऊंनी हो म्हटलं. त्या वेळी कोण नाही म्हणेल?

पण बाई गेल्या देवळालीला, थोरल्या बहिणीच्या बंगल्यात. त्या बहिणीने शपथ घेतलेली की घरात दारूची बाटली ठेवायची नाही. का घेतली, कोणावर रागावून घेतली, ते मला माहीत नाही. ग्लास बाहेरून भरून आला तर मात्र त्यांची हरकत नव्हती. म्हणून बाटली राहणार पुंजारामभाऊंकडे. देवळालीच्या पारशी बंगल्यात जिला जागा नाही ती नाशिकरोडच्या माळकऱ्याच्या तांदळाच्या डब्यात. परमिट बाईंच्या नावाचं, पैसे बाईंचे, आणि दुकानाच्या रांगेत उभे गांधी टोपीतले भाऊ. माळ शर्टाच्या आत घाला असं मी एकदा सुचवलं. तर म्हणाले, "वहिनी, मी चोरी करतोय का?"

ही रांग भजनी मंडळाच्या खंडेरावांनी पाहिली आणि ते जाब विचारायला आले. दारातच उभे राहिले. खंडेरावांचं बिटको चौकाजवळ तंबाखूचं दुकान.

"पुंजाराम, मंडळात बोलणं चाललंय," खंडेराव म्हणाले.

"चालू द्या. खंडेराव, तुम्ही तंबाखू खाता?"

"छे. आयुष्यात नाही."

"विकता?"

खंडेराव चहा पिऊन गेले.

आता यात आमचा संबंध काय, तर फ्रिज. आमच्या मुलाने नुकता घेऊन दिला होता, आणि आमच्या घरांच्या ओळीत दुसऱ्या कोणाकडे नव्हता. त्या भांडणानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी भाऊ कडीचा डबा घेऊन दारात आले. अंगात क्लबातला पांढरा बंद गळ्याचा कोट, त्यावर माळ.

"वहिनी, थोडा बर्फ मिळेल? मी पीत नाही हां."

"मी कुठे काय म्हटलं?"

"नाही, भिंत पातळ आहे म्हणून सांगितलं."

मी मुकाट बर्फाचे खण आपटून डबा भरून दिला.

भाऊंनी घरात गिमलेट बनवलं, आदल्या रात्रीपासून माठाचं पाणी भरून गार करून ठेवलेल्या थर्मासात गाळलं, थर्मास पंच्यात गुंडाळून बसने देवळालीला नेला. अकराला पाच कमी असताना बाईंपुढे ग्लास ठेवला. बाईंनी एक घोट घेतला आणि ग्लास खाली ठेवला.

"पुंजा, हे ते नाही."

आमच्या ओट्यावर बसून भाऊंनी हे सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा परीक्षेत नापास झाल्यासारखा होता. दोष त्यांनी कॉर्डियलला दिला. पूर्वीची तयार बाटली आता मिळत नव्हती, म्हणून त्यांनी लिंबं आणून घरीच केलं होतं. मग लिंबांचं सत्रच सुरू झालं. साल किसून साखरेत मुरवली, रस मंद आचेवर कोमट केला, मलमलीच्या फडक्यातून दोनदा गाळला. पुढच्या रविवारी साल वाढवली. त्याच्या पुढच्या रविवारी साखर कमी. एकदा घोटीहून कुसाबाईंच्या भावाकडून पाठीमागच्या परड्यातली लिंबं मागवली. कशासाठी हवीत ते त्याला सांगितलं नाही. लोणचं घालताय का, असं त्याने विचारलं, तर कुसाबाई म्हणाल्या, "व्हय, मुरतंय ते."

बाईंचं उत्तर दर वेळी तेच. एक घोट, आणि हे ते नाही.

पाचव्या रविवारी भाऊ परत आले ते थर्मास मांडीवर घेऊन ओट्यावर बसले. मग म्हणाले, "बाई म्हणाल्या, पुंजा, तू भेटायला ये, चहा घे, पण आता थर्मास नको आणू. उगाच उन्हातून कशाला." थर्मासाचं झाकण काढत होते आणि लावत होते. "वहिनी, मला दुसरं काय येतं?"

मी म्हटलं, "अजून एक रविवार बघा." माझं काय जातं म्हणायला. चार खण बर्फ.

त्या शनिवारी दिवेलागणीला मी त्यांची चाळणी परत द्यायला गेले. स्वयंपाकघरात भाऊ पाटावर बसलेले, पुढ्यात ते झाकणाचं भांडं, एक चमचा आणि रिकामा गळा. माळ खुंटीवर. त्यांना माळेशिवाय मी कधी पाहिलं नव्हतं. माणूस एकदम उघडा वाटला, शर्ट अंगात असून.

कुसाबाई चुलीपासून वळल्या. "काय चाललंय?"

"चाखतो," भाऊ म्हणाले. "एकदाच. काय चुकतंय ते कळल्याशिवाय दुरुस्त कसं करू? उद्या पहाटे गंगेवर अंघोळ करून पुन्हा घालतो."

आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. पण ती काही असल्या कामाला नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. चमचा हातात धरून नुसते बसले होते.

"घाला ती माळ."

"कुसे, साहेबांना..."

"ऐकलंय साहेबांचं. चाळीस वर्सं घातलेली माळ एका चमच्यापायी काढता व्हय? आणा इकडं." त्यांनी चमचा हिसकावून घेतला. "माझ्या गळ्यात कुठं माळ हाय? घोटीला भावाकडं जाते तवा मटण खातेच की मी."

भाऊंचा हात खुंटीपर्यंत जाऊन थांबला. "तू मटण खातेस?"

"मग काय माझ्या भावानं तुमच्या माळेपायी कोंबडी राखत बसायचं?"

"कधीपासून?"

"लग्नापासून. घाला माळ."

भाऊंनी माळ घातली. कुसाबाईंनी पदर खोचला, भांड्यातलं चमचाभर घेतलं, डोळे मिटले आणि दवाखान्यात इंजेक्शन द्यायला नेलेल्या पोरासारखं तोंड करून गिळून टाकलं. आम्ही दोघं बघत राहिलो.

"काय?" भाऊ म्हणाले.

"थांबा की. कानातनं वाफ जाऊ द्या." मग त्यांनी जीभ टाळ्याला लावून पाहिली. कैरीचं पन्हं चाखताना लावतो तशी. "लिंबू हाय. साखर हाय. ते तुमचं कडू हाय. पण अळणी हाय."

"अळणीच असतं ते."

"अळणी सरबत कोण पितं?"

"सरबत नाही ते, कुसे. गिमलेट आहे. पस्तीस वर्षं केलंय मी."

"चाखलं कवा?"

भाऊ फडकं धुवायला मोरीवर गेले. कुसाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी चाळणीकडे पाहिलं. त्यांनी मिठाच्या बरणीत बोटं घातली आणि चांगली मोठी चिमूट कॉर्डियलच्या बाटलीत सोडून बाटली दोनदा उलटीपालटी केली. आपल्या कोणाही बाईने हेच केलं असतं. लिंबू, साखर, पाणी समोर आलं की हात आपोआप मिठाकडे जातो, विचार करून जात नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊ बर्फ घेऊन गेले आणि परत आले ते दुपारच्या जेवणाच्या वेळेला. ओट्यावर बसले नाहीत, थेट घरात गेले. मी कान लावायची गरज पडली नाही, कुसाबाईंनीच मला हाक मारली.

"वैनी, या हो. हे कसंतरी कराय लागलेत."

भाऊ पाटावर बसलेले. म्हणाले, "बाईंनी एक घोट घेतला. मी वाट बघतोय, आता म्हणतील. काही बोलल्या नाहीत. दुसरा घेतला. डोळे मिटून पूर्ण ग्लास संपवला. आणि म्हणाल्या, बराबर." त्यांनी हा शब्द दोनदा म्हणून दाखवला. "बराबर. मग ग्लासाकडे बघून विचारलं, कुठे होतास रे इतके दिवस."

"मग झालं की," मी म्हटलं.

"झालं कसं? मी काहीच बदललं नव्हतं." ते कुसाबाईंकडे वळले. "काय टाकलंस?"

"मी कशाला टाकू?"

"कुसे."

"मीठ. चिमूटभर. वैनी व्हत्या साक्षीला."

झालं. मी कोर्टात उभी. पण भाऊ रागावले नाहीत. मीठ, मीठ, असं पुटपुटत राहिले आणि मग कपाळाला हात लावला.

क्लबात रविवारी आइस्क्रीम व्हायचं. लाकडी पॉटात बर्फ आणि खडे मीठ घालून मधलं भांडं फिरवतात, ते. भाऊंचं झाकणाचं भांडं गार राहावं म्हणून ते दोन गिमलेटांच्या मधे त्याच पॉटातल्या बर्फात खुपसून ठेवायचे. झाकण सैल झालेलं. खारं पाणी थेंब थेंब आत जायचं. पस्तीस वर्षं. साहेब लोक म्हणत पुंजाच्या हाताला चव आहे.

"हाताला कसली," कुसाबाई म्हणाल्या. "पॉटाला व्हती."

मला वाटलं, आता या माणसाला लागलं. उभ्या नोकरीचा मान मिठात गेला. पण त्यांचे खांदे हलायला लागले आणि ते इतके हसले की माळ कोटाच्या गुंडीत अडकली. ती सोडवताना म्हणाले, "दोन साहेबांनी माझ्याकडून लिहून नेलं होतं, कसं करतो ते. बिचारे विलायतेत बसून करत असतील."

"कळवा त्यांना," कुसाबाई म्हणाल्या. "पंधरा पैशाचं कार्ड टाका. मीठ."

तेव्हापासून कॉर्डियल कुसाबाईंच्या हातचं. आणि रविवारी सकाळी चमचाही त्यांचाच. घ्यायचा, डोळे मिटायचे, निकाल द्यायचा, चूळ भरायची आणि मग देवापुढे दिवा. "लय वंगाळ काम लावलंय मागं," असं दर रविवारी म्हणायच्या. पण त्या कामाला त्यांना कधी उशीर झालेला मी पाहिला नाही. दूध उतू जायचं, चमचा वेळेवर. हळूहळू तोंडसुद्धा वाकडं करीनाशा झाल्या. "आज बरफ जास्त विरघळला," "लिंबं जुनी हायेत," असे शेरे यायला लागले. एकदा दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची बाटली दिली, तर त्यांनी चमचा घेऊन सांगितलं, "ही आपली नाय. परत करून या." माळकरी नवरा जिनची बाटली बदलायला दुकानात गेला आणि बायकोने पाठवलंय म्हणाला. दुकानदाराने म्हणे हात जोडले.

एकादशी रविवारी आली की खरी पंचाईत. पहिल्यांदा आली तेव्हा दोघं भिंतीपलीकडे कितीतरी वेळ खल करत होती.

"लिंबू चालतंय. साखर चालती. बरफ म्हंजे पाणीच," कुसाबाई. "मीठ शेंदेलोण घालते. राहिली जिन. कशाची करत्यात?"

"धान्याची म्हणतात."

"मग नाय चालायची. आज तुम्ही कानानंच बघा."

दारू म्हणून नव्हे, धान्य म्हणून. मी कणकेत हसले ते हसलेच.

बाईंना मिठाचं कधी सांगितलं नाही. कुसाबाईंना ते थोडं खुपायचं, कारण नाव पुंजाचं व्हायचं. दोन हजार सालच्या सुमारास एकदा त्या स्वतः भाऊंबरोबर देवळालीला गेल्या. बाईंनी विचारलं, "तू पुंजाची बायको? तुझा नवरा फार हुशार." कुसाबाई म्हणाल्या, "व्हय, माझ्यापरीस थोडा कमी." बाई हसल्या आणि त्यांना एक हिरवी साडी दिली. आता बाईंना काय कळलं, काय नाही, देव जाणे. साडीच्या घडीत मात्र क्लबाच्या नावाची एक छोटी चांदीची मिठाची डबी होती. ती डबी कुसाबाईंनी देवघरात ठेवली आणि मला तीनदा दाखवली.

असं तेरा वर्षं चाललं. ओळीत सगळ्यांकडे फ्रिज आले, त्यांच्या मुलीने त्यांनाही एक आणून दिला, पण बर्फ आमच्याकडूनच. भाऊ म्हणायचे, "त्या बर्फाचा आवाज मला माहीत आहे, वहिनी." दोन हजार सातच्या मार्गशीर्षात, एका बुधवारी सकाळी, चहाचा कप खाली ठेवून भाऊ गेले. कोणाला त्रास नाही, हाक नाही. त्याच्या आधीचा रविवार सांगते आणि थांबते, कारण त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सकाळी नऊला कडीचा डबा घेऊन आले. कोट इस्त्रीचा, खांद्यावर सैल झालेला. म्हणाले, "गारठा आहे, तीनच खण द्या." मी चार दिले. थोड्या वेळाने भिंतीपलीकडे बर्फ खडखडला, मग मऊ झाला, मग थांबला. कुसाबाईंचा आवाज आला, "मीठ बेताचं हाय. जावा आता, बस चुकंल." बस चुकली नाही. एक वाजता परत आले, डबा धुऊन, पुसून, झाकण लावून माझ्या ओट्यावर ठेवला आणि आत गेले.

"काय म्हणल्या बाई?" कुसाबाईंनी विचारलं.

"बराबर."

"बसा मग. भाकरी टाकते."